‘कनेक्टेड’ दिसतंय, पण लॅबचा सर्व्हर उघडत नाही

व्हीपीएनचं, म्हणजे घरच्या लॅपटॉपला इंटरनेटवरून विद्यापीठाच्या आतल्या जाळ्याशी जोडणाऱ्या सोयीचं, बटण हिरवं होतं, खाली ‘कनेक्टेड’ अशी अक्षरं येतात, आणि तरीही लॅबचा सर्व्हर उघडत नाही, जर्नल पैसे मागतं, फाइल अर्ध्यावर अडकून बसते. घरून संशोधन करणाऱ्या मुलामुलींकडून मी सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार ती हीच. सोलापुरात अशी मुलं आता बरीच आहेत. कुणाचा विभाग केगावला आणि घर बार्शीला किंवा मंगळवेढ्याला. कुणी पुण्यात, हैदराबादेत पीएचडीला नाव घातलंय, पण आईचं दुखणं, लहान मूल किंवा नुसतंच खोलीचं भाडं परवडत नाही म्हणून महिन्यातले बरेच दिवस जुळे सोलापुरातल्या घरून काम चालतं. एका फाइलसाठी पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेस गाठायची आणि रात्री परत यायचं, हे किती वेळा जमणार? त्यांच्यासाठी व्हीपीएन म्हणजे काम चालू राहणं किंवा थांबणं. म्हणून ते आतून कसं चालतं, हे त्यांना नीट कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पहिल्यांदा एकच गोष्ट पक्की करून घ्या. ‘कनेक्टेड’चा अर्थ इतकाच, की तुमच्या लॅपटॉपपासून विभागाच्या किंवा विद्यापीठाच्या व्हीपीएन सर्व्हरपर्यंतचा रस्ता तयार झाला. त्या रस्त्यावरून तुमची नेमकी कोणती वाहतूक जाणार, पलीकडे गेल्यावर तुम्हाला कुठल्या मशीनपर्यंत सोडणार आणि ते मशीन तुम्हाला आत घेणार का, हे तीन प्रश्न अजून बाकीच असतात. बहुतेक अडचणी या तिघांपैकी एकात सापडतात, आणि आपण मात्र व्हीपीएन पुन्हा पुन्हा बंद-चालू करत बसतो.

आता मुळात हे लागतं कशाला, ते बघू. विभागातल्या प्रत्येक मशीनला आयपी ॲड्रेस, म्हणजे जाळ्यातला आकड्यांचा पत्ता, असतो. यातले काही पत्ते सार्वजनिक असतात, म्हणजे जगातून कुठूनही तिथे पोचता येतं. पण बहुतेक मशीनना खासगी पत्ता असतो. १९९६ साली इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्यांनी तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले: १० ने सुरू होणारे सगळे पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कुणीही, कुठेही, कुणाला न विचारता वापरावेत, मात्र खुल्या इंटरनेटवर ते कुणी पोचवणार नाही, असा तो करार. सरकारी कचेरीतल्या इंटरकॉमसारखंच हे आहे. आतून २३ फिरवला की आस्थापनेचं टेबल लागतं. घरच्या फोनवरून २३ फिरवला तर काहीच लागत नाही. आणि शेजारच्या कचेरीतला २३ भलत्याच माणसाचा असतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

मुलं विचारतात, मग लॅबच्या सर्व्हरला सरळ सार्वजनिक पत्ताच का देत नाहीत? कारण इंटरनेटवर स्वयंचलित प्रोग्रॅम रात्रंदिवस पत्ते चाचपत फिरत असतात. पोर्ट म्हणजे मशीनचं नंबर असलेलं दार. एसएसएचचं (दूरच्या मशीनवर कमांड चालवायची सुरक्षित सोय) २२ नंबरचं पोर्ट किंवा विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं (दूरच्या मशीनचा पडदा आपल्याकडे दाखवणारी सोय) ३३८९ उघडं दिसलं की काही तासांतच ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’ अशी नावं आणि सोपे पासवर्ड टाकून बघणं सुरू होतं. लॅबची अवस्था तर आणखी नाजूक. एखाद्या महागड्या उपकरणाला जोडलेला कॉम्प्युटर कित्येकदा अजून विंडोज ७ वर असतो, कारण उपकरण बनवणाऱ्याचं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं. विंडोज ७ चे मोफत सुरक्षा-अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले. असं मशीन उघड्यावर ठेवणं म्हणजे सगळ्या विभागाचा डेटा पणाला लावणं. विभागाची बाजू घेऊन सांगतो, इथे सिस्टिम ॲडमिन, म्हणजे तिथली मशीन आणि जाळं सांभाळणारे लोक, आडमुठेपणा करत नाहीत, त्यांचं बरोबरच आहे.

बटण दाबल्यावर काय होतं, ते आता एका पॅकेटच्या, म्हणजे जाळ्यातून जाणाऱ्या डेटाच्या एका छोट्या पुडक्याच्या, मागोमाग जाऊन बघू. समजा घरच्या राउटरने तुमच्या लॅपटॉपला १९२.१६८.१.५ हा पत्ता दिलाय, आणि लॅबचा सर्व्हर विभागाच्या आत १०.२०.३.७ वर आहे.

व्हीपीएनचं सॉफ्टवेअर आधी विद्यापीठाच्या व्हीपीएन सर्व्हरला गाठतं. त्याला मात्र सार्वजनिक पत्ता असतो. बाहेरून दिसणारी ती एकच जागा, आणि सगळा पहारा तिथेच. तो सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो, आणि हा खरोखर आपलाच सर्व्हर आहे का, हे तुमचा लॅपटॉप तपासतो. इथे कधी ‘सर्टिफिकेट’बद्दल इशारा आला तर घाईने ‘कंटिन्यू’ दाबू नका. मधे कुणी तोतया बसलाय का, हे कळायची जागा हीच आहे. त्यानंतर दोघं मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात. गंमत अशी, की ही किल्ली तारेवरून कधीच जात नाही. दोन्हीकडून काही आकडे उघडपणे दिले-घेतले जातात, त्यावरून दोघंही आपापल्या जागी तीच किल्ली काढतात, आणि मधल्या माणसाने सगळे आकडे ऐकले तरी त्याला ती काढता येत नाही. डिफी आणि हेलमन या दोघांनी १९७६ साली ही युक्ती जगापुढे मांडली. आजच्या बहुतेक सुरक्षित जोडण्या तिच्यावर किंवा तिच्या पुढच्या रूपांवर उभ्या आहेत. मला ती गणितातली फार सुंदर गोष्ट वाटते.

मग तुमचं नाव, पासवर्ड, बहुतेक ठिकाणी मोबाइलवरचा सहा आकडी कोड. ते जुळलं की सर्व्हर तुमच्या लॅपटॉपला आतला एक पत्ता देतो, समजा १०.८.०.१४. आता लॅपटॉपला दोन पत्ते झाले, एक घरचा आणि एक विभागाचा. सोबत एक यादीही येते: अमुक पत्त्यांकडे जायचं असेल तर या नव्या वाटेने जा. या यादीला रूटिंग टेबल म्हणतात. निम्म्या अडचणींचं उत्तर तिच्यातच असतं.

तुम्ही लॅबचा सर्व्हर उघडायला जाता तेव्हा लॅपटॉप एक पॅकेट बनवतो: १०.८.०.१४ कडून १०.२०.३.७ कडे. यादी सांगते, हे व्हीपीएनच्या वाटेचं आहे. मग ते अख्खं पॅकेट, पत्त्यांसकट, किल्लीने कुलूपबंद होतं आणि दुसऱ्या एका पॅकेटच्या पोटात बसतं. बाहेरच्या पॅकेटवर फक्त घरचा पत्ता आणि व्हीपीएन सर्व्हरचा सार्वजनिक पत्ता. तुमच्या ब्रॉडबँडवाल्याला एवढंच दिसतं, की या घरातून त्या विद्यापीठाच्या सर्व्हरकडे इतका डेटा इतक्या वाजता गेला. आत काय आहे, ते त्याला दिसत नाही. पलीकडे पोचल्यावर बाहेरचं वेष्टन निघतं, कुलूप उघडतं, आणि आतलं पॅकेट विभागाच्या जाळ्यात असं सोडलं जातं जणू तुम्ही लॅबमधल्याच एखाद्या टेबलावर बसलाय. उत्तर याच वाटेने उलटं येतं.

यातला एक भाग नेहमी सुटतो. कुलूप व्हीपीएन सर्व्हरपाशी उघडतं. त्यापुढे विभागाच्या आत तुमची माहिती व्हीपीएनच्या संरक्षणाखाली नसते. म्हणून आतसुद्धा एसएसएच आणि एचटीटीपीएस (वेबसाइटची कुलूपबंद पद्धत) हेच वापरायचं. ‘व्हीपीएन आहे ना, मग साधं एफटीपी चालेल’ हे म्हणणं बरोबर नाही, कारण फाइल पाठवायच्या त्या जुन्या पद्धतीत कुलूपच नसतं.

आता जर्नलची गोष्ट. व्हीपीएन जोडलेलं असतं, लॅबचा सर्व्हरही उघडतो, पण प्रकाशकाच्या साइटवर पेपर उघडला की तीस-चाळीस डॉलर मागतात. विद्यापीठाने तर वर्गणी भरलेली आहे! इथे यादी आडवी येते. व्हीपीएन दोन तऱ्हांनी लावलेलं असू शकतं. फुल टनेल लावलं असेल तर तुमची सगळी वाहतूक, अगदी यूट्यूबसुद्धा, आधी विद्यापीठात जाते आणि तिथून बाहेर पडते. स्प्लिट टनेल असेल तर फक्त विभागाच्या पत्त्यांची वाहतूक त्या वाटेने जाते, बाकीची घरच्या नेटवरून थेट. प्रकाशक तुम्हाला ओळखतो तो तुम्ही कुठल्या सार्वजनिक पत्त्यावरून आलात त्यावरून. स्प्लिट टनेलमध्ये त्याला तुमच्या ब्रॉडबँडचा पत्ता दिसतो, विद्यापीठाचा नाही. त्यामुळे तो पैसे मागणारच.

कुठली तऱ्हा आहे, ते ओळखायला सोपं आहे. व्हीपीएन जोडायच्या आधी ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी ॲड्रेस काय’ असं शोधा, येणारा आकडा लिहून ठेवा. जोडल्यावर पुन्हा शोधा. आकडा बदलला तर फुल, तोच राहिला तर स्प्लिट. स्प्लिट निघालं तर जर्नलसाठी व्हीपीएनच्या मागे लागू नका, लायब्ररीत विचारा. वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही एकाच सरकारी वर्गणीत जर्नल वाचायला देणारी योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार जर्नल्स, आणि केंद्र-राज्य सरकारांच्या उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना ती खुली. तिचं काम गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठांच्या लायब्ररींना जोडणारं केंद्र, बघतं, आणि घरून वाचायला इन्फेड नावाची त्यांची लॉगिनची सोय आहे. संस्थेने त्यात तुमचं खातं उघडून दिलं की प्रकाशकाच्या साइटवर संस्थेचं नाव निवडून आत जाता येतं, व्हीपीएन लागतच नाही. तालुक्याच्या गावी बसून वाचणाऱ्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, आणि कित्येकांना ती माहीतच नाही याचं मला वाईट वाटतं.

फुल टनेलची दुसरी बाजूही सांगायला हवी. ते चालू असताना तुम्ही कुठल्या साइटवर जाता, हे विद्यापीठाला कळू शकतं. त्यात गैर काही नाही, जाळं त्यांचं आहे. पण घरातल्या मुलाने त्याच लॅपटॉपवर सिनेमा लावला तर त्याचा भारही विभागावरच पडतो. काम झालं की व्हीपीएन तोडा.

आता त्या २३ नंबरकडे येतो. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत चकवणारा दोष हाच. विजापूर रोडवर राहणारी एक संशोधक विद्यार्थिनी सांगायला आली, “सर, घरच्या वायफायवर कनेक्टेड दाखवायलंय की ओ, पण सर्व्हर उघडंना झालाय. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावलं की लगेच उघडतो. वायफायवालेच ब्लॉक करायलेत काय?” वायफायवाल्याला दोन फोन झाले होते, राउटर बदलून झाला होता.

आम्ही कमांडची काळी खिडकी उघडली आणि सर्व्हरच्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ अशी छोटी हाक मारली. तिच्या विभागातला सर्व्हर १९२.१६८.१.२० वर होता. उत्तर आलं, ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’. पण त्या ओळीत सुरुवातीला हे उत्तर कुणाकडून आलं, तेही लिहिलेलं असतं. ते आलं होतं १९२.१६८.१.५ कडून, म्हणजे तिच्याच लॅपटॉपकडून. लॅपटॉप स्वतःच सांगत होता, ‘मी शोधलं, मिळाला नाही.’ त्याने शोधलं कुठे? घरातच. तिच्या घरच्या राउटरने पत्ते वाटले होते १९२.१६८.१ ने सुरू होणारे, आणि विभागातही नेमके तेच. लॅपटॉपच्या दृष्टीने १९२.१६८.१.२० म्हणजे याच घरातलं एखादं मशीन. त्यामुळे पॅकेट व्हीपीएनच्या वाटेला गेलंच नाही. लॅपटॉपने घरातल्या घरात हाक मारली, ‘वीस नंबर कोण?’, आणि कुणीच ओ दिली नाही. घरातल्या टीव्हीला तो पत्ता मिळालेला असता तर टीव्हीने ओ दिली असती, आणि मग गोंधळ आणखी वाढला असता.

हॉटस्पॉटवर का चाललं, तेही आता कळेल. जुने अँड्रॉइड फोन हॉटस्पॉटसाठी १९२.१६८.४३ चे पत्ते वाटतात, आयफोन १७२.२०.१० चे. विभागाशी टक्कर होत नाही, यादी बरोबर चालते. उपाय सोपा निघाला. घरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये लॅनचा, म्हणजे घरातल्या जाळ्याचा, पत्ता १९२.१६८.१.१ होता, तो १९२.१६८.७७.१ केला, राउटर बंद करून चालू केला, आणि सर्व्हर उघडला. तिसरा आकडा २ ते २५४ मधला कुठलाही घ्या, शून्य आणि एक नको, कारण बहुतेक राउटर कारखान्यातून तेच घेऊन येतात. बदल केल्यावर घरातला प्रिंटर किंवा सीसीटीव्ही ठरावीक पत्त्यावर बसवलेला असेल तर तो पुन्हा जोडावा लागतो. ते आधीच घरच्यांना सांगून ठेवा. खरं तर हा बदल विभागाने आपल्या बाजूला करायला हवा. ज्या जाळ्यात बाहेरून लोक जोडणार, तिथे १९२.१६८.१ ठेवणं हे नियोजनच चुकीचं. पण जुन्या लॅबमध्ये शेकडो गोष्टी त्या पत्त्यांवर बांधलेल्या असतात, आणि विद्यार्थ्याला थिसिस याच वर्षी द्यायचा असतो.

नावाची अडचण याच्या शेजारचीच. सर्व्हर आकड्याने उघडतो पण नावाने उघडत नाही, असं झालं तर समजा की नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा तुम्ही अजून बाहेरची वापरताय. विभागातली नावं बाहेरच्या डीएनएसला माहीत नसतात. ब्राउझरमध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ चालू असेल तर तो विभागाच्या डीएनएसला विचारतच नाही. ते तात्पुरतं बंद करून बघा.

आणखी एक विचित्र लक्षण: लॉगिन होतं, छोटी पानं उघडतात, पण मोठी फाइल घ्यायला गेलं की सगळं थिजतं. एका वेळी तारेवरून साधारण १५०० बाइटचं पॅकेट जातं. वर दुसरं वेष्टन चढलं की आतल्यासाठी जागा कमी उरते. वायरगार्ड नावाचं व्हीपीएन सॉफ्टवेअर म्हणूनच आतल्या पॅकेटला बहुधा १४२० ची मर्यादा घालतं. कुठे ही मर्यादा चुकीची लागली की लहान पॅकेट निघून जातात आणि मोठी वाटेत टाकली जातात. हे लक्षण ॲडमिनला याच शब्दांत सांगा, त्यांना लगेच उमगेल.

वेगाबद्दल तक्रार सगळ्यांची असते. सोलापूर ते पुणे सुमारे २५० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला अंदाजे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन अडीच मिलिसेकंद. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट लागतात, कारण पॅकेट सरळ पुणे रस्त्याने जात नाही. तुमची कंपनी आणि विद्यापीठाची कंपनी जिथे एकमेकांना मिळतात तिथून, कित्येकदा मुंबईवरून, फिरून जातं. पन्नास मिलिसेकंद काही जास्त नाहीत, पण विंडोजच्या शेअर फोल्डरची सवय वाईट असते. एक फोल्डर उघडायला तो पलीकडे शेकडो बारीकसारीक प्रश्न विचारतो, आणि बऱ्याचदा एकाचं उत्तर आल्यावरच पुढचा. लॅबमध्ये हे जाणवत नाही, घरून मात्र एक फोल्डर उघडायला चहा होतो. नेटचा प्लॅन वाढवून यात फारसा फरक पडत नाही, कारण इथे पाइपाची रुंदी अपुरी नसते, फेऱ्याच जास्त असतात. म्हणून शेअर फोल्डरमधली एक्सेल फाइल जागेवरच उघडून काम करू नका. आधी लॅपटॉपवर उतरवून घ्या, काम करा, परत चढवा. त्याहून चांगलं म्हणजे डेटा तिथेच राहू द्या आणि तुम्ही तिथल्या मशीनवर काम करा, एसएसएचने किंवा रिमोट डेस्कटॉपने. मग तारेवरून फक्त तुमची अक्षरं आणि पडद्याचं चित्र जातं. कित्येक जीबीचा डेटा घरी ओढण्यापेक्षा हे केव्हाही शहाणपणाचं.

आणि लाइट. उन्हाळ्यात दुपारी लाइट जाते, राउटर बंद पडतो, व्हीपीएन तुटतं, आणि सकाळपासून चालवलेलं गणन एसएसएचच्या खिडकीबरोबर मरतं. हे टाळता येतं. लिनक्स सर्व्हरवर टीमक्स (tmux) नावाचा छोटा प्रोग्रॅम बहुधा असतो. गणन त्याच्या आत सुरू केलं की ते सर्व्हरवर चालू राहतं, तुम्ही जोडलेले असा किंवा नसा. लाइट आल्यावर पुन्हा आत जायचं, ‘tmux attach’ असं टाकायचं, आणि खिडकी जिथे होती तिथेच दिसते. घरून काम करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी हे शिकावं असं माझं ठाम मत आहे. राउटरला छोटा यूपीएसही लावून घ्या. आणि लॅबमधलं तुमचं स्वतःचं मशीन असेल तर तिथली लाइट जाऊन आल्यावर ते आपोआप सुरू होईल अशी बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या विंडोजआधीच्या मूळ सेटिंगमध्ये, सोय करून ठेवा, नाहीतर कुणीतरी खोली उघडून बटण दाबेपर्यंत तुम्ही सोलापुरात हात बांधून बसाल.

कधी व्हीपीएन जोडतच नाही, ‘कनेक्टिंग’वरच फिरत राहतं. स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या वायफायवर आधी ब्राउझर उघडून त्यांचं लॉगिन पूर्ण करावं लागतं, त्याआधी दुसरं काहीच बाहेर जात नाही. तेही झालं असेल तर पोर्ट अडवलेलं असू शकतं. ओपनव्हीपीएन हे दुसरं व्हीपीएन सॉफ्टवेअर मुळात ११९४ वर चालतं, वायरगार्ड ५१८२० वर, आणि वसतिगृहांची, कचेऱ्यांची वायफाय असे अनोळखी नंबर बंद ठेवतात. ४४३ मात्र जवळजवळ कुणीच बंद करत नाही, कारण सगळ्या साध्या वेबसाइट त्यावर चालतात. विभागाने ४४३ चा पर्याय दिलाय का, विचारा. आणि कुणी अजून पीपीटीपी नावाचं जुनं व्हीपीएन वापरायला सांगत असेल तर नम्रपणे नकार द्या. नव्वदच्या दशकातली ती पद्धत कधीच फोडली गेली आहे. ॲपलने तर २०१६ मध्ये ती आपल्या यंत्रांतून काढूनच टाकली.

प्ले स्टोअरवरच्या मोफत व्हीपीएनचा इथे काही उपयोग नाही, हे मला फार वेळा सांगावं लागतं. ते ॲप तुम्हाला कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरपर्यंत नेतं, तुमच्या विभागापर्यंत नाही. उलट तुमची सगळी वाहतूक त्या अनोळखी कंपनीच्या हातून जाते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशाबद्दलही मुलांच्या मनात भीती असते. त्यातली व्हीपीएनबद्दलची अट लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्या कंपन्यांसाठी आहे, ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवा अशी. संस्थांच्या अंतर्गत व्हीपीएनला ती लागू नाही, असा खुलासाही त्यांनीच केला आहे. विभागाचं व्हीपीएन वापरणं पूर्ण कायदेशीर आहे, बिनधास्त वापरा.

पासवर्डबाबत मात्र बिनधास्त राहू नका. मैत्रिणीचं खातं अजून उघडलं नाही म्हणून आपलं देणं, हे आपल्याकडे मदत म्हणून केलं जातं. मनात चांगलंच असतं. पण तिच्या लॅपटॉपवर व्हायरस असेल तर तो तुमच्या नावाने विभागात शिरतो, आणि चौकशी तुमची होते. तिच्यासाठी अर्ज लिहायला मदत करा, तिच्यासोबत ऑफिसात जा, खातं देऊ नका. नेट कॅफेच्या कॉम्प्युटरवर व्हीपीएन लावूच नका. मोबाइलवरचा सहा आकडी कोड सारखा चुकत असेल तर फोनचं घड्याळ बघा. हा कोड वेळेवरून तयार होतो आणि साधारण तीस सेकंदांनी बदलतो. घड्याळ एखाद-दोन मिनिटं पुढेमागे असलं की बरोबर कोडही चुकीचा ठरतो. वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. फोन बदलायच्या आधी कोडचं ॲप नव्या फोनवर हलवून घ्या.

एवढं करूनही अडलं तर ॲडमिनला मेल करा, पण ‘व्हीपीएन चालत नाही, कृपया लवकर करा’ असा नको. त्या वाक्यावरून त्यांना काहीच कळत नाही, आणि उत्तरात चार प्रश्न येतात. रस्ता, यादी, मशीन, लॉगिन यांतलं कुठपर्यंत जमलं, ते लिहा. असं काहीतरी:

“नमस्कार सर, मी सोलापूरहून घरच्या ब्रॉडबँडवरून जोडतेय. व्हीपीएन ‘कनेक्टेड’ होतं, मला १०.८.०.१४ हा पत्ता मिळाला. घरचा पत्ता १९२.१६८.७७.५ आहे. १०.२०.३.७ ला पिंग जात नाही, पण त्याच जाळ्यातल्या १०.२०.३.९ ला जातं. मोबाइल हॉटस्पॉटवरही असंच होतं. मंगळवारपर्यंत चालत होतं. विंडोज ११, सोबत पडद्याचा फोटो जोडलाय.”

हा मेल वाचणाऱ्याला लगेच दिसतं, की रस्ता आणि यादी ठीक आहेत, पत्त्यांची टक्कर नाही, शेजारचं मशीन उत्तर देतंय, म्हणजे बिघाड त्या एका सर्व्हरवर किंवा त्याच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे कुणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्यात, आहे. पिंग मुद्दाम बंद ठेवलेलं असण्याचीही शक्यता असते, म्हणून एसएसएच उघडून काय दिसलं तेही एका ओळीत जोडा. पासवर्ड मात्र मेलमध्ये लिहू नका, कुणी मागितला तरी.